अनवाणी पायाने इंजिन ऐकणारा

विश्राम तांडेल इंजिनाला हात लावण्याआधी चपला काढायचा. बोईसरहून सालवडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, माणूस भाविक आहे. भाविक तो होताच, पण चपला काढण्याचं कारण निराळं होतं. बॉनेट उघडलं की तो उजवा पाय बंपरवर ठेवी, डोळे मिटून घेई आणि तळपायाने इंजिन ऐके.

"कानाला चार आवाज येतात बाई," तो मला एकदा म्हणाला होता. "शेजारची लेथ, रिक्षा, आमच्या प्रेमलाची बडबड. पायाला एकच येतो."

प्रेमला म्हणजे त्याची बायको. ती आतून ओरडली, "पायालाच ऐकू येतं, म्हणून तर घरात कायपन सांगितलेलं कानात जात नाय!"

हे तळपायाचं ज्ञान त्याला वडिलांकडून मिळालं होतं. आलेवाडीच्या मच्छीमार घरातला तो धाकटा मुलगा. वडिलांच्या बोटीला इंजिन बसलं तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा असेल. इंजिन फळ्यांखाली आणि बोट हाकणारा तांडेल वर सुकाणूपाशी, त्यामुळे दर वेळी वाकून बघायला सवड नसे. पायाखालची फळी कशी थरथरते यावरून इंजिनाची तब्येत ओळखायची. विश्रामला ते वडिलांपेक्षाही आधी कळू लागलं. पण दर्या काही त्याला मानवला नाही. किनारा दिसेनासा झाला की त्याला उलट्या सुरू होत. पहिल्या दिवशी होतात, मग सवय होते, असं सगळे सांगत. त्याला सहा वर्षांत सवय झाली नाही. "विश्राम बोटीवर असला की मासे स्वतःहून गोळा होतात," अशी गावात थट्टा चाले. शेवटी तो जमिनीवर आला, बोईसरला एका गॅरेजात राबून शिकला आणि १९७९ साली त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं.

माझी त्याची ओळख त्याहून जुनी. पालघरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि आठवीत तो दोन वर्षं माझ्या वर्गात होता. दोन्ही वर्षं इंग्रजीत नापास झाला. पुढे आमच्या फियाटची सगळी देखभाल त्याच्याकडे आली. माझे पती गेल्यावर मी ती गाडी स्वतः चालवू लागले, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. विश्राम मात्र एवढंच म्हणाला, "बाई, क्लचवर पाय ठेवून बसू नका. बाकी तुमी बरोबर चालवता."

१९९८ च्या जून महिन्यात माझ्या मुलाने, मी नको म्हणत असताना, नवी गाडी पाठवली. तेव्हा नुकत्या येऊ लागलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांपैकी ती एक होती. तिला कार्बोरेटर नव्हता. पेट्रोल किती सोडायचं ते एक डबा ठरवी, त्याला सगळे कॉम्प्युटर म्हणत. विश्रामने बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं आणि हळूच मिटलं. "इंजिन दिसतच नाय. सगळी झाकणं," तो म्हणाला. तरी तेल बदलायला, ब्रेक पाहायला मी गाडी त्याच्याकडेच नेत राहिले.

त्या वर्षी दसरा १ ऑक्टोबरला आला. दसऱ्याला विश्रामकडे त्याच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या रांगेत उभ्या राहत आणि प्रेमला त्यांची पूजा करी. त्यांच्या घरची रीत बोटीवरची होती. नारळ चाकापुढे फोडायचा नाही, इंजिनाच्या डोक्यावर फोडायचा आणि त्याचं पाणी इंजिनावरून खाली वाहू द्यायचं. बाजूला फोडलेला नारळ इंजिनाला पोचत नाही, असं तिची सासू सांगत असे. आमच्या फियाटने हे पाणी जवळपास वीस वर्षं मुकाट्याने घेतलं होतं. नव्या गाडीलाही झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, मी हात जोडले, गाडी ठणठणीत घरी आली.

सहा दिवसांनी पालघरच्या रेल्वे फाटकात ती पहिल्यांदा बंद पडली. फाटक उघडायच्या बेतात होतं, मी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, दिवे लावले आणि इंजिन गप्प झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गप्प. मागून एका ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं. "माताजी, गाडी है, झूला नहीं! आगे बढ़ाओ!" मी पाय दाबून धरून, इंजिन ओरडत ठेवून कशीबशी घरी आले. त्यानंतर ते रोजचंच झालं. चालत्या गाडीला काहीही होत नसे. थांबायची वेळ आली की ती जीव सोडी.

९ तारखेला मी विश्रामकडे गेले. त्याने चपला काढल्या, पाय बंपरवर ठेवला, डोळे मिटले. "स्लोला दम पुरत नाय हिला," तो म्हणाला. पाय काढल्यावर इंजिन ज्या संथ गतीने चालू राहतं, तिला गॅरेजात 'स्लो' म्हणतात. जुन्या गाडीत स्लो कमी झाला की एक स्क्रू आत फिरवायचा, की काम झालं. तसाच एक स्क्रू या गाडीतही दिसत होता, फक्त त्यावर कारखान्यातला रंगाचा ठिपका होता. विश्रामने ठिपका खरवडला आणि स्क्रू फिरवला.

इंजिनाने जोर धरला. आम्ही दोघं हसलो. पण मग आवाज आपोआप खाली आला, परत वर चढला, परत खाली. वर, खाली, वर, खाली. विश्रामने पाय झटकन बंपरवरून काढला. त्याचा चेहरा फिकट झाला होता.

"बाई, बंद करा," तो म्हणाला. "ही लाटेवर गेली."

खरंच त्याला मळमळू लागलं होतं. प्रेमलाने लिंबूपाणी आणून दिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "जमिनीवर मानसाला बोट लागलेली मी पैल्यांदा बघते!"

पुढच्या दिवसांत त्याने सुचेल ते सगळं करून पाहिलं. एअर फिल्टर साफ केला, स्पार्क प्लग बदलले, कुठल्या नळीतून हवा चोरून शिरत असेल म्हणून साबणाचं पाणी लावून एकेक नळी तपासली. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी त्याला वाचून दाखवलं. स्लोबद्दल त्यात दोनच ओळी होत्या.

"काय लिवलंय?"

"इथे हात लावू नये. अधिकृत वर्कशॉपला भेट द्यावी."

"एवढं सांगायला पुस्तक कशाला छापलं? पाटी लावायची."

शेवटी एसटीडी बूथवरून त्या वर्कशॉपला फोन केला. तिकडच्या माणसाने लक्षणं पुरती ऐकूनही घेतली नाहीत. कॉम्प्युटरचा डबा गेला असणार, गाडी ट्रकवर चढवून पाठवा, मधल्या काळात गावातल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, असं तो म्हणाला. बूथ लहान होता. विश्राम माझ्या शेजारीच उभा होता आणि त्याने ते सगळं ऐकलं.

त्या रविवारी त्याचा थोरला भाऊ नामदेव गॅरेजात आला. वडिलांची बोट आता तो चालवत होता. इंजिनावरचा त्याचा माणूस काम सोडून गेला होता.

"भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी बोट निघते," नामदेव म्हणाला. "इंजिनावर घरचा मानूस पायजे. इथं काय चाललंय? बाईंची गाडी सुदा तुला कळत नाय असं ऐकलं."

"कळंल."

"कदी? ती मोडीत गेल्यावर? अरे, दोन वर्षांत सगळ्या गाड्या अशाच येतील, डब्याच्या. मग तू काय करशील, हवा भरशील? पान्यातलं इंजिन तुला कदी खोटं बोललंय का?"

विश्राम हातातलं फडकं पिळत राहिला. नामदेवचं बोलणं लागट असलं तरी खोटं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. मग तो म्हणाला, "भाऊबिजेपर्यंत थांब दादा. ही गाडी मला जमली तर मी इथंच. नाय जमली तर शटर खाली ओढतो आनि तुझ्या बोटीवर येतो."

प्रेमला दारात उभी होती. तिने सुपातले तांदूळ खाली ठेवले. "लिंबं किती बांधून देऊ, ते आताच सांगा," ती म्हणाली. या वेळी मात्र ती हसत नव्हती.

मलाही त्या रात्री झोप लागली नाही. पन्नाशीचा माणूस, एकोणीस वर्षांचं गॅरेज आणि सहा वर्षं उलट्या करून सोडलेला दर्या. या सगळ्याला माझी गाडी कारण होणार होती. ट्रकवर चढवून ती पाठवून देणं मला सोपं होतं, पण तसं केलं तर विश्रामने स्वतःच स्वतःला नापास केलं असतं.

१६ तारखेला, म्हणजे धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, मी गाडी त्याच्याकडे ठेवायला नेली. तो म्हणाला, "बाई, तुमी रोज लिवता ना? गाडी कुठं कुठं बंद पडली ते लिवलंय का?"

वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये असल्यापासून मला रोजनिशीची सवय आहे. दिवस संपण्याआधी दिवस लिहून काढावा, असं सिस्टर सांगत. मी वही उघडून वाचू लागले. फाटकात, दिवे लावले तेव्हा. बाजारात, एसी लावल्याबरोबर. सकाळी घरून निघताना, गार इंजिनावर, दोनदा. मासवणच्या रस्त्याला वळताना, पंखा चालू असताना. अशा चौदा नोंदी झाल्या.

विश्राम उकिडवा बसून ऐकत होता. "पाय दाबलेला असताना एकदापन नाय?"

"एकदाही नाही."

"आनि काय लावलं नसलं, इंजिन गरम असलं, तर?"

"तेव्हा थरथरते, पण चालू राहते."

तो उठला. "म्हंजे बोजा आला की मरते. बघा बाई, तुमी पाय काढला की हवेची मोठी झडप मिटते. मग इंजिनानं श्वास कुठून घ्यायचा? म्हनून बाजूनं एक बारीक वाट ठेवलीय, आनि त्या वाटेवर हा दरवान." एका नळीखाली दडलेल्या, अंगठ्याएवढ्या डबीवर त्याने बोट ठेवलं. "दिवे लावले, एसी लावला की डबा दरवानाला हुकूम देतो, दार थोडं जास्त उघड, हिला दम लागलाय. मी येड्यानं मोठी झडपच स्क्रूनं उघडी ठेवली. मग हिचा जीव वरखाली होनार नाय तर काय?"

त्याने इंजिन सुरू करायला लावलं आणि नळीखाली हात घालून, चाचपतच, त्या डबीला जोडलेला वायरींचा कपलर उपसला. इंजिनात काही फरक पडला नाही. परत लावला, तरीही नाही.

"काढलं काय, लावलं काय, सारखंच. दरवान काम करत नाय, हे नक्की. एक तर तो मेलाय, नाय तर त्याला हुकूमच येत नाय."

इंजिन बंद करून त्याने कपलर ज्यांवर बसतो ते डबीचे खिळे सवयीने पॉलिश पेपरने घासले आणि बॅटरीवरून दोन वायरी आणून टेकवल्या. आतून टक् असा आवाज आला. वायर काढली, लावली, पुन्हा टक्. मी आनंदाने काहीतरी बोलणार होते, पण त्याच्याकडे पाहून थांबले.

"दरवान जिता हाय बाई," तो म्हणाला. "म्हंजे हुकूमच येत नाय. म्हंजे डबा. फोनवरचा मानूस बोलला तेच."

हुकूम येतो का ते कॉम्प्युटरच्या वायरींना दिवा लावून पाहावं, तर त्याने डबा जळतो असं त्याने कुणाकडून ऐकलं होतं. ते धाडस तो माझ्या गाडीवर करायला तयार नव्हता. सगळं पहिल्यासारखं जोडून त्याने बॉनेटला काठी लावून ते तसंच उघडं ठेवलं. मी एसटीने घरी आले. त्या दिवसाची नोंद दोनच शब्दांची आहे : गाडी तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा विश्राम दारातल्या स्टुलावर बसला होता. पायात चपला होत्या. आत प्रेमला दिवाळीसाठी गॅरेज झाडत होती. झाडता झाडता ती गाडीपाशी थांबली.

"अवो, तुमी चहाचा कप ठेवला होता का गाडीवर?"

"नाय."

"मग हिला मुंग्या कशा लागल्या?"

"गॅरेज हाय, मुंग्या असनारच."

"पेट्रोलला मुंगी येते का कदी? गोडाला येते. बगा तरी उठून, रांगच्या रांग हाय!"

विश्राम उठला, आणि उठताना त्याने चपला काढल्या. बारीक काळ्या मुंग्यांची एक रांग बंपरवरून चढून, नळीला वळसा घालून तिच्याखाली नाहीशी होत होती. त्याने टॉर्च आणून आडवं डोकं घातलं. रांग कपलरच्या रबरी टोपणात शिरत होती.

काल तो कपलर त्याने नुसत्या बोटांनी काढला आणि लावला होता, आत पाहिलं नव्हतं. आता त्याने टोपण मागे सारून कपलर उजेडात धरला. आतले पितळी दात हिरवे पडले होते आणि त्यांच्यावर पिवळट, चिकट साय धरली होती. त्याने ते नाकाशी नेलं, मग माझ्या नाकाशी धरलं. खवट खोबऱ्याचा वास होता.

विश्रामने मान वळवून बायकोकडे पाहिलं. मीही पाहिलं. प्रेमला हातात केरसुणी घेऊन उभी होती.

"काय? मी काय केलं?"

"नारळ," विश्राम म्हणाला.

तिने पुढे येऊन कपलर हुंगला. मग ती मटकन खाली बसली. "अगो आई! देवाचं पानी! वीस वर्षं घालते!"

"फियाटला घातलं तर ती प्याली. ही शिकलेली गाडी हाय, हिला चालत नाय." असं म्हणताना त्याचा आवाज फुटला. तो हसतोय की रडतोय ते मला आधी कळेना. तो हसत होता. बंपरला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि ते पाहून प्रेमलाही पदरात तोंड घालून हसू लागली. मी त्या दसऱ्याला हात जोडून तिथेच उभी होते, तेव्हा मला दोघांपैकी कुणाला काही बोलायची सोय नव्हती.

पुढचं काम तासाभराचं होतं. जुना टूथब्रश, थोडं पेट्रोल, टोकाला पॉलिश पेपर गुंडाळलेली काडी. दात पिवळेधमक होईपर्यंत त्याने घासले, कोरडे केले, सैल झालेले चिमटीने आवळले. मग तो स्क्रू आठवला.

"बाई, त्या दिवशी मी किती आटे फिरवला होता? दोन का?"

मी वही पाहिली. "पावणेदोन. आत."

त्याने मोजून पावणेदोन आटे बाहेर घेतला. स्क्रूची खाच खरवडलेल्या रंगाच्या रेषेशी तंतोतंत जुळली. डब्याने जुनं सगळं विसरावं म्हणून बॅटरीची तार पाव तास काढून ठेवली. मग म्हणाला, "लावा."

मी किल्ली फिरवली. पाय लांब ठेवला. इंजिनाच्या वेगाचा काटा वर गेला, खाली आला आणि थांबला.

"दिवे लावा."

काटा किंचित दबला, पुन्हा जागेवर आला.

"पंखा. एसी. आता हॉर्न दाबून धरा."

शेजारच्या लेथवरचा माणूस बाहेर येऊन बघू लागला. काटा दबला, सावरला, उभा राहिला. विश्राम बंपरवर पाय ठेवून डोळे मिटून होता. बऱ्याच वेळाने त्याने ते उघडले.

"नांगरावर हाय," तो म्हणाला. "शांत पान्यात."

भाऊबिजेला नामदेव आला. गाडी घेऊन मीही मुद्दाम गेले होते. त्याने बॉनेटमध्ये डोकावून विचारलं, "मग? काय झालं होतं हिला?"

विश्राम काही बोलायच्या आत प्रेमला म्हणाली, "भावजी, बोटीवरची पूजा बाधली. तुमच्याच घरची रीत."

सगळी हकीकत ऐकून नामदेवने गालावर चापट्या मारून घेतल्या. मग भावाच्या पाठीवर एक जोरात थाप घातली. "बरं झालं बाबा. खरं सांगू? मला त्या दिवसापासून तेच टेन्शन. तुला घेतला असता तर इंजिन चाललं असतं, पन तुझं डोकं धरून बसायला आनखी एक मानूस लागला असता. मुरबे गावचा एक इंजिनवाला बघून ठेवलाय मी."

"कदी बघितलास?"

"परवा."

"म्हंजे तू मला धरलाच नव्हता!"

"धरला होता रे. पन लिंबं किती परवडनार?"

पुढच्या दसऱ्याला प्रेमलाने नारळ इंजिनावरच फोडायचा हट्ट सोडला नाही. मात्र आधी इंजिनावर एक प्लास्टिकचा कागद पसरला आणि पाणी कागदावरून बादलीत उतरवलं. ते पोचलं की नाही, याबद्दल ती आणि विश्राम अजून भांडतात. तोवर सालवडच्या रस्त्यावरच्या त्या गॅरेजात इंजेक्शनच्या सहा गाड्या येऊ लागल्या होत्या. त्यांतली एक तर त्या वर्कशॉपने हात टेकल्यावर थेट तिथून आलेली.

पण हे नंतरचं झालं. त्या भाऊबिजेला मी निघाले तेव्हा नुकतं अंधारून आलं होतं. पालघरचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. मी पाय काढून घेतला, दिवे चालू ठेवले आणि एसीची गरज नसताना तोही लावला. मागे एक ट्रक येऊन थांबला.

आजूबाजूला कुणी बघत नव्हतं. मी हळूच उजवी चप्पल काढली आणि तळपाय गाडीच्या तळाशी टेकवला. मालगाडी लांबलचक होती. ती पूर्ण जाईपर्यंत पायाखाली ती बारीक, एकसारखी थरथर लागत होती.